मुखत्यारपत्र कसे लिहावे?

मुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी शहाणा मनुष्य दोन गोष्टी पाहतो. मुखत्यार कसा आहे, ही पहिली. आणि पत्रात नेमके काय लिहिले आहे, ही दुसरी. पहिलीविषयी सर्वच सावध असतात. दुसरीविषयी मात्र पुष्कळांची हयगय होते, आणि तंटे बहुधा तेथूनच उद्भवतात. सांप्रत एक नवा मुखत्यार आपल्या घरी येऊ घातला आहे. त्यास एआय एजंट म्हणतात. मालकाने तोंडी काम सांगावे आणि त्याने मालकाचा मोबाईल स्वतः चालवून ते पार पाडावे, अशी ही योजना आहे. त्याच्या पत्राविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या एजंटास बोटे नाहीत. 'अमुक जागी दाब', 'पडदा वर सरकव', 'ही अक्षरे लिही', 'पडद्याचे चित्र आण' अशी लहान लहान साधने प्रोग्रामर लोक त्याच्या स्वाधीन करितात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याच्या कामाचे वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावी, हे लिहून दिलेले असते. कोणते साधन केव्हा उचलावे, हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवितो. 'पाठव' एवढेच लिहिले आणि काय व कोणास ते लिहिले नाही, तर त्यास तर्क करावा लागतो. आणि मुखत्याराचा तर्क मालकास महाग पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अँड्रॉइड मोबाईलवर 'टॉकबॅक' नावाची सोय आहे. ती अंध मनुष्यास पडद्यावरील बटनांची नावे वाचून दाखविते. ज्या बटनास त्याच्या कर्त्याने नाव दिले नाही, त्यापाशी अंध मनुष्य अडतो. कित्येक एजंट हीच नावे वाचून मोबाईल चालवितात, आणि तेही तेथेच अडखळतात. दृष्टिहीन बांधवासाठी प्रामाणिकपणे केलेले लेखन असे सर्वांच्याच उपयोगी पडते.

कोणी म्हणतील, यंत्र दिवसेंदिवस हुशार होत आहे. ते चित्र पाहूनच सर्व ओळखील. मग लिहिण्याचे श्रम कशास? आमचे उत्तर असे की, बटन ओळखणे निराळे आणि ते दाबण्याची मुभा असणे निराळे. पैसे एकदा गेले, अर्ज एकदा दाखल झाला, म्हणजे तो सहजी मागे घेता येत नाही. मार्च २०२५ च्या सुधारणेत वरील पद्धतीत साधनाबरोबर आणखी खुणा लिहिण्याची सोय झाली: हे साधन केवळ वाचणारे आहे की नाश करू शकणारे आहे. तथापि खूण म्हणजे कुलूप नव्हे. परक्याने लिहिलेल्या खुणेवर विसंबू नये, असे त्या नियमांतच बजाविले आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे व मोबाईलवर नोंद करावी. अनेक घरी हे काम मुलेच वडिलांना करून देतात. उद्या ते एजंटास सांगितले, तर गट क्रमांक तो बिनचूक भरील. परंतु शेतात सोयाबीन उभे आहे की हळद, ही साक्ष मालकाचीच आहे. म्हणून त्याच्या साधनाच्या वर्णनात स्पष्ट असावे: 'पीक अंदाजाने भरू नये, मालकास विचारावे, शेवटचे बटन दाबण्यापूर्वी सर्व नोंद वाचून दाखवावी व होकार घ्यावा.' ही तीन वाक्ये गाळली, तर खोटी नोंद होईल यंत्राकडून, आणि जाब द्यावा लागेल शेतकऱ्यास.

अशी वर्णने आज बहुधा इंग्रजीत लिहिली जातात. ज्याच्या नावाने कारभार चालावयाचा, त्यास आपले मुखत्यारपत्र वाचता येऊ नये, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ साली निघाला. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली आले. मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुळविली. शब्दाचा अर्थ निश्चित व्हावा आणि वाचणाऱ्याची फसगत होऊ नये, म्हणून या मंडळींनी वर्षानुवर्षे कष्ट केले. तोच उद्योग आता नव्या क्षेत्रात करावयाचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, निबंधाच्या तासास तुम्ही कंटाळता. पण नेमके लिहिण्याची सवय तेथेच लागते. येत्या सुटीत मोबाईलवरील एखादे काम दहा वाक्यांत लिहा: काय करावे, कोणत्या क्रमाने, कोठे थांबावे, कोणास विचारावे. मग तो कागद घरातील ज्यांस ते काम येत नाही त्यांच्या हाती द्या आणि आपण गप्प बसा. ते जेथे अडतील, तेथे तुमचे लेखन उणे आहे असे समजा. पालकांस आमची विनंती एवढीच की, कोणत्याही एजंटास मोबाईल सोपविण्यापूर्वी त्यास काय काय करण्याची मुभा दिली आहे, हे आपल्या भाषेत समजून घ्यावे. आणि पैशाचा व सहीचा अधिकार आपल्याच हाती ठेवावा. कारभारी कितीही विश्वासू असो, हिशेब मालकानेच पाहावयाचा असतो.