टाका : वॉर्डातला आणि वाकळेतला

मराठीत ‘टाका’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. बाळंतपणात टाके पडतात, कोयत्याने कापलेल्या बोटाला टाके घालतात, आणि जखम भरली की ते काढून टाकतात. गोधडीलाही टाके घालतात. सुरुवातीचे कच्चे टाके सोडले तर ते मात्र कधी काढायचे नसतात. ‘सुई’ आणि ‘सुईण’ हे शब्द ऐकताना असेच मायलेकींसारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे रक्ताचे नाते नाही. सुई ‘सूची’वरून आली, तर सुईण प्रसव सांगणाऱ्या ‘सू’ धातूच्या कुळातली. व्युत्पत्तीने जे नाते नाकारले ते आमच्या हातांनी जोडून घेतले आहे. आम्ही जुन्नर-आंबेगाव परिसरात काम करणाऱ्या परिचारिका. आणि पाळीतून वेळ मिळेल तशा, मशीनविना, हाताने गोधडी शिवणाऱ्या बायका.

साहित्याच्या पानावर हा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे कारण असे की, गोधडी आज जगण्यापेक्षा लिहिण्यात अधिक दिसते. कवितेत ती आजीची ऊब असते, ललितलेखात आईची माया असते, समीक्षेत ‘विविध अनुभवांची गोधडी’ असते. दुसरीकडे आरोग्यविषयक सदरांतून हस्तकला ही ताणावरची गोळी म्हणून सुचवली जाते : रोज अर्धा तास विणा, शिवा, मन शांत होईल. पहिल्या वाचनात गोधडी शिवणारी बाई प्रतीकात विरघळते, दुसऱ्या वाचनात ती रुग्ण ठरते. दोन्हींत तिचे काम आणि त्या कामातला तिचा आनंद बाजूला राहतो. आमचा आक्षेप या दोन्ही वाचनांना आहे.

आधी नोकरीविषयी. या दोन तालुक्यांचा पूर्व भाग नारायणगाव, मंचर यांचा. कालव्यांचा, कांद्याचा, द्राक्षांचा, उसाचा. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकरकडे चढत जाणारा मुलूख आहे. तिथे पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो आणि वाड्यावस्त्या डोंगरांत विखुरलेल्या आहेत. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. कागदावर तीन हजार हा आकडा लहान दिसतो. पाऊलवाटेवर तो तसा उरत नाही. लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या, सर्पदंश, बाळंतपणे आणि या साऱ्यांच्या नोंदवह्या. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. तेव्हापासून जुलैमधला संततधार पाऊस इथल्या आरोग्यसेवेतील माणसांना निव्वळ पाऊस वाटत नाही.

रुग्णालयातल्या पाळीत वेळ आमची नसते. सलाईनचे थेंब मिनिटाला किती, हे घड्याळ धरून मोजायचे. इंजेक्शनची वेळ चुकवायची नाही. एका खाटेशी बोलताना दुसऱ्या खाटेवरून ‘सिस्टर’ अशी हाक आली की वाक्य तिथेच सोडायचे. पाळी बदलताना आपल्या हातातले सगळे अर्धवट काम दुसरीच्या हाती द्यायचे आणि निघायचे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चांगली परिचर्या मागे काही ठेवत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली म्हणून न झालेली पाठीची जखम कुणाला दाखवणार? वेळेवर लक्षात आल्यामुळे न झालेला रक्तस्राव कोणत्या रकान्यात लिहिणार? आमच्या कामाचे यश बहुधा ‘काही घडले नाही’ या रूपात असते, आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला की तो आम्हांला विसरतो. त्याने विसरावे हेच योग्य आहे.

आता गोधडी पाहू. जुनी लुगडी, साड्या, धोतरे धुऊन घ्यायची. खाली एक अखंड साडी जमिनीवर ताणून पसरायची, कडांवर पाट किंवा दगड ठेवायचे, मध्ये जुन्या कपड्यांचे थर सुरकुती न पडू देता लावायचे, वर पुन्हा साडी. कच्च्या टाक्यांनी हे सगळे एकमेकांना धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि चौकोनामागून चौकोन आत सरकत मध्यापाशी संपतो. टाका फार लांब पडला तर थर सरकतात, दोरा फार ओढला तर कापड गोळा होते. घाई केली की धुण्यात उघडे पडते. एका सुट्टीच्या दुपारी हातभर रुंदीचा पट्टा भरला तरी खूप झाले. पूर्ण गोधडीला आम्हांला कित्येक महिने लागतात. रात्रपाळ्यांचा आठवडा आला की ती गुंडाळून ठेवली जाते.

आनंद नेमका कशात आहे? तो विश्रांतीत नाही. बारा खाटा सांभाळून आलेल्या माणसाला विश्रांती हवी असेल तर ती झोपेत मिळते, सुईत नव्हे. आम्हांला वाटते, हा आनंद काळाच्या मालकीचा आहे. वॉर्डातले अर्धवट काम दुसरीच्या हाती द्यावेच लागते. गोधडीचे अर्धवट काम जिथे ठेवले तिथे वाट पाहते. तिथला टाका जखमेने ठरवलेला असतो, इथला आम्ही ठरवतो. आणि जे केले ते दिसते. सहा महिन्यांपूर्वीची ओळ बोटाने चाचपता येते. ज्यांच्या दिवसभराच्या कौशल्याचा माग उरत नाही, त्यांना माग उरवणारे एखादे काम हवेसे वाटले तर त्यात नवल नाही.

असा माग जपण्याची संस्कृतीची रीत एकसारखी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन ब्राह्मी शिलालेखांत कारागिरांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत : बांबूकाम करणारे, कांस्यकाम करणारे, धान्याचे व्यापारी. त्यांच्याकडे ठेवी ठेवल्या गेल्या, त्यांनी दाने दिली, आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही ते आपल्याला वाचता येते. त्याच काळात या डोंगरांत थंडी होती, तेव्हा कापडावर कापड ठेवून शिवणारे हातही असणारच. पण कापड कुजते, आणि घरातल्या कामाची श्रेणी होत नाही. दगडावर दाता राहिला, शिवणारी राहिली नाही.

बाईच्या कामाचा शब्दांत उरलेला माग शोधायचा तर दोन उदाहरणे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावीशी वाटतात. एक घरचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातून आणि पुढे महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. जाते थांबले, ओवी उरली. गोधडीचे उलटे आहे. ती शिवताना बोलणे होते, पण ते ओवीसारखे बांधलेले नसते; वस्तू उरते, बोलणे विरते. दुसरे उदाहरण दूरचे. अमेरिकेतील मेन प्रांतातल्या मार्था बॅलार्ड या सुईणीने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहिली. तीत आठशेहून अधिक बाळंतपणे आहेत, आणि त्यांच्याच शेजारी कातणे, विणणे, बाग, हवामान. घरगुती तपशिलांची जंत्री म्हणून अभ्यासकांनी ती दीर्घकाळ बाजूला ठेवली. लॉरेल थॅचर उलरिच यांनी १९९० साली तिच्यावर ग्रंथ लिहिला तेव्हा कळले की तो कंटाळवाणा तपशील हाच तिचा आशय होता. बाळंतपण आणि विणकाम ही एकाच दिवसाची, एकाच हाताची कामे होती. आम्हांला हे वाचून कळायचे नव्हते, पण वाचून बळ मिळाले हे खरे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आमच्या आया आणि आज्या गोधडी शिवत तेव्हा त्यांना आनंदाविषयी कुणी विचारले नव्हते. पांघरायला दुसरे काही नव्हते म्हणून त्या शिवत. आज बाजारात यंत्रावरचे पांघरूण स्वस्त मिळते आणि आमचा पगार दरमहा येतो, म्हणून हाताचा संथपणा आम्हांला परवडतो. हे आम्ही नाकारत नाही, उलट मांडू इच्छितो. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि तिथल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांच्यापैकी अनेकींसाठी ही नोकरी म्हणजे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मिळवलेले अन्न होते. त्या वाटेनेच आम्ही इथवर आलो. गोधडी गरजेतून सुटली तेव्हाच ती आमची आवड होऊ शकली. तेव्हा ‘जुन्या बायका किती समाधानी होत्या’ असा निष्कर्ष आमच्या आनंदातून कुणी काढू नये. समाधान होतेही असेल. पण ‘नको’ म्हणण्याची सोय नसताना ते मोजणार कसे?

दुसरी सावधगिरी आम्हांला अधिक निकडीची वाटते. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणी यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी २२ मार्चला देशभर थाळ्या वाजल्या. थाळीचा आवाज विरला आणि पाळ्यांचे तक्ते तसेच राहिले. अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे मानक आहे. ज्यांनी सरकारी वॉर्डातली एखादी रात्र पाहिली आहे त्यांना हे मानक वाचून हसावे की रडावे ते कळणार नाही. अशा वेळी ‘छंद जोपासा, ताण घालवा’ हा सल्ला निरुपद्रवी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आपल्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीविषयी खुलासा करताना ‘बर्नआउट’ ही वैद्यकीय व्याधी नसून कामाच्या ठिकाणच्या ताणाची वेळीच व्यवस्था न लावल्याने उद्भवणारी व्यावसायिक घटना आहे, असे स्पष्ट केले. दुखणे कामाच्या जागी असेल तर औषधही तिथेच द्यायला हवे. भरतीचे काम सुईवर सोपवता येत नाही. आमची गोधडी उद्या कुणी कर्मचारी-कल्याणाच्या अहवालात छायाचित्र म्हणून छापली, तर तिच्या प्रत्येक टाक्याचा उपयोग आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून होईल : पाहा, यांना वेळ मिळतो.

अॅलिस वॉकर यांची १९७३ ची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा अनेक महाविद्यालयांत शिकवली जाते. शिकलेली मुलगी वारशाचा नमुना म्हणून भिंतीवर टांगायला गोधड्या मागते; आई त्या दुसरीला देते, कारण ती त्या पांघरणार आहे आणि फाटल्या तर नव्या शिवणार आहे. वर्गात चर्चा बहुधा ‘वारसा कुणाचा’ इथे थांबते. कथेतली एक गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते : धाकटीला शिवता येते. वारसा वस्तूत कमी आणि हातात जास्त असतो. आज शहरांतील प्रदर्शनांत हाताची गोधडी चांगल्या किमतीला विकली जाते याचा आम्हांला आनंदच आहे. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना ती किंमत मिळालीच पाहिजे. पण किंमत ठरवताना तास मोजले जातात का, हेही कुणीतरी विचारले पाहिजे.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. यापुढे एखाद्या कवितेत गोधडी आली की विद्यार्थ्यांना तिचा अर्थ विचारण्याआधी काही साधे प्रश्न विचारावेत. ती शिवायला किती दिवस लागले असतील? शिवणारी दिवसभर आणखी काय करत होती? ती शिवत असताना मूल कुणाकडे होते, आणि दिवा कुणी धरला होता? उत्तरे कवितेत नसतील तर तेही नोंदवावे. प्रतीकाचा विचार त्यानंतर खुशाल करावा.

आमच्यापुरते सांगायचे तर सध्या हातात असलेली गोधडी तीन चौकोन आत आली आहे. मध्य अजून दूर आहे. पुढचा आठवडा रात्रपाळीचा आहे, त्यामुळे ती गुंडाळून फडताळात ठेवली आहे, सुई शेवटच्या टाक्याशीच टोचून.