पाद्र्यांच्या कोर्टांतला दावा आणि आमच्या लेकी

गेल्या महिन्यांत एक सुतार गृहस्थ कोर्टाचा कागद घेऊन आमच्याकडे आले. “गुरुजी, एवढें वाचून सांगा,” म्हणाले. त्यांची लेक नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून दीड वर्षामागें माहेरीं आली आहे. तिनें पोटगीचा अर्ज केला, तेव्हां जांवयानें उलट हा कागद धाडला. दावा नांदावयास येण्याचा. हिंदु विवाह कायदा, १९५५, कलम ९. आम्हीं वाचून दाखविलें. ऐकून घेऊन गृहस्थ म्हणाले, “म्हणजे हें आपल्या शास्त्रांतलेंच म्हणायचें. शास्त्रापुढें आपण काय बोलणार?”

हा समज एकट्या त्या गृहस्थांचा नाहीं. कायद्याच्या नांवांत ‘हिंदु’ शब्द आहे, तेव्हां आंत जें असेल तें ऋषींनींच सांगितलें असेल, असें शेंकडों घरांत समजतात. बायकोनें नवऱ्याच्या ओंजळीनें पाणी प्यावें हा उपदेश आमच्या स्मृतींत मुबलक आहे, आणि त्या स्मृतींविषयीं आमचें मत वाचकांना ठाऊकच आहे. पण न नांदणाऱ्या बायकोवर कोर्टांत दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा आणि तिनें तो न मानल्यास तिला कैदेंत घालावें, ही तजवीज स्मृतींची नव्हे. ती विलायतेंतील ख्रिस्ती धर्मकोर्टांची आहे.

हें कसें घडलें तें नीट समजून घेण्याजोगें आहे. विलायतेंत १८५७ सालापर्यंत लग्नाचे तंटे सरकारी कोर्टांत चालत नसत; ते चर्चच्या कोर्टांत चालत. लग्न हा देवानें बांधलेला संबंध, त्यानें दोन जीवांचा एक देह होतो, म्हणून माणसानें तो तोडूं नये, अशी तेथील धर्मसमजूत. त्यामुळें धर्मकोर्ट पूर्ण घटस्फोट कधींच देत नसे. फार झालें तर वेगळें राहण्याची परवानगी देई. पुन्हां लग्न करण्याची मोकळीक हवी असल्यास पार्लमेंटांतून आपल्या एकट्यापुरता कायदा करून घ्यावा लागे, आणि तो खर्च लक्षाधीशालाच परवडे. जें तोडतां येत नाहीं त्यापासून कोणी पळालें, तर त्याला परत आणून बांधणें एवढाच मार्ग उरतो. तोच हा नांदण्याचा दावा. नवरा किंवा बायको घर सोडून गेली तर धर्मकोर्ट हुकूम करी कीं परत जा. न गेल्यास पूर्वीं शिक्षा होती बहिष्काराची. (वाळीत टाकणें ही केवळ आमचीच विद्या आहे असें कोणीं समजूं नये.) १८१३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून या बहिष्काराऐवजीं कैद घातली, मर्यादा सहा महिन्यांची. हा सहा महिन्यांचा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा, तो पुढें आपल्या मुंबईंत भेटणार आहे.

त्याच १८१३ सालीं कंपनीच्या सनदेंत मिशनऱ्यांना हिंदुस्थानचें दार उघडलें, आणि कलकत्त्याला एक बिशप नेमण्याचें ठरलें. त्याचा पगार सालिना ५,००० पौंड, आणि तो द्यावयाचा कोठून, तर कंपनीच्या हिंदुस्थानांतील मुलखाच्या वसुलांतून. म्हणजे ज्या शेतकऱ्यानें बिशपचें तोंडही पाहिलें नाहीं, त्याच्या साऱ्यांतून. १८३३ च्या सनदेनें मद्रास व मुंबई येथेंही बिशप आले.

आतां एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे, नाहीं तर आमच्यावर कृतघ्नपणाचा दोष येईल. त्या मिशनऱ्यांनीं आमच्या समाजासाठीं जीं दारें उघडलीं, तीं आमच्या भूदेवांनीं हजार वर्षें बंद ठेवलीं होतीं. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. १८५० च्या २१ व्या कायद्यानें असें ठरविलें कीं, धर्म सोडला किंवा जातींतून काढलें म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाहीं. हा कायदा व्हावा म्हणून मिशनऱ्यांनीं जोर लावला, तो आपल्या बाटलेल्या लोकांसाठीं, हें खरें. पण त्यानें जातपंचायतीच्या हातांतला मोठा सोटा काढून घेतला, हेंही तितकेंच खरें. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून विलायतेंत विल्बरफोर्ससारखे लोक आयुष्यभर झगडले ते बायबल हातीं धरून. अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांनीं गुलामांना मुक्त केलें, त्यांना जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केलें. पण त्याच अमेरिकेंत, त्याच बायबलांतून, गुलाम बाळगणें देवाला मान्य आहे असें सांगणारे पाद्रीही गल्लोगल्लीं होते. दक्षिणेकडील बाप्तिस्त मंडळी १८४५ सालीं वेगळी निघाली, ती गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावें कीं नाहीं या तंट्यावरून. तेव्हां ख्रिस्ती धर्म कायद्यांत शिरला म्हणजे भलें झालें कीं वाईट झालें, असा घाऊक जबाब देतां येत नाहीं. कोणाच्या हातानें शिरला आणि कोणाच्या मानेवर बसला, हें प्रत्येक कायद्यापाशीं थांबून पाहावें लागतें.

नांदण्याचा दावा कोणाच्या मानेवर बसला तें पाहा.

इंग्रजी कोर्टें येथें आलीं, त्यांच्याबरोबर इंग्रज न्यायाधीश व बारिष्टर आले, आणि त्यांच्या गाठोड्यांत त्यांच्या देशचा हा दावाही आला. १८५६ सालीं एका पारशी जोडप्याच्या खटल्यांत विलायतच्या प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें कीं, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा धर्मकोर्टाचा अधिकार ख्रिस्तेतरांच्या या तंट्यांना लागूं पडत नाहीं. मात्र दिवाणी बाजूनें कांहीं इलाज असूं शकेल अशी फट तींत राहिली. १८६७ सालीं एका मुसलमान जोडप्याच्या खटल्यांत तीच फट दरवाजा झाली. पुढें हिंदूंचे दावेही त्याच दरवाजानें आंत आले. कायदेमंडळांत कोणी विधेयक आणलें नाहीं, रयतेला कोणीं विचारलें नाहीं.

आणि मग १८८४ सालीं मुंबईंत दादाजी भिकाजीनें आपल्या बायकोवर दावा लावला. बायकोचें नांव रखमाबाई; जातीनें सुतार. बाप ती अगदीं लहान असतांना वारला. त्या जातींत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, म्हणून आईनें डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. त्या वेळीं बापाची मालमत्ता रखमाबाईच्या नांवें झाली. अकराव्या वर्षीं तिचें लग्न लावलें. ती नवऱ्याकडे नांदावयास गेलीच नाहीं. सावत्र बापाच्या घरीं राहून शिकली. मोठी झाल्यावर तिनें सांगितलें कीं, हें लग्न माझ्या कळत्या वयांत, माझ्या संमतीनें झालेलें नाहीं, मी जाणार नाहीं.

१८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला. त्यांच्या निकालाचा मतलब असा कीं, असला दावा विलायतेंत तेथल्या विशिष्ट परिस्थितींतून उपजला, हिंदु कायद्यांत त्याला पाया नाहीं, आणि या मुलीला अशा माणसाकडे जबरीनें पाठविणें हें क्रूरपणाचें होईल. निकाल इंग्रज न्यायाधीशाचा. पण त्यावर धर्म बुडाला म्हणून बोंब मारली ती आमच्या सनातन्यांनीं. पुण्याच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांनीं दादाजीची कड घेतली. गंमत पाहा. मुलींचें लग्नाचें वय वाढवा म्हटलें कीं हेच लोक ओरडत कीं, परधर्मी सरकारनें आमच्या धर्मांत हात घालूं नये. पण परधर्मी चर्चचा दावा सुताराच्या पोरीच्या गळ्यांत पडतांच तो त्यांना आपलाच सनातन धर्म वाटूं लागला. बायकोला दाबणारी दोरी विलायती असली तरी ती यांना सोंवळ्यांत चालते!

अपिलांत १८८६ सालीं तो निकाल फिरला आणि खटला पुन्हां खालीं आला. १८८७ च्या मार्चांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला : नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने कैद. तोच आंकडा! आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही कीं, खुद्द विलायतेंत ही कैद १८८४ सालींच रद्द झाली होती, ज्या सालीं मुंबईंत हा दावा दाखल झाला त्याच सालीं. रखमाबाईनें सांगितलें, मी कैद पत्करीन. शेवटीं १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजीनें आपला हक्क सोडला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत व राजकोट येथें तिनें हजारों बायांना औषधपाणी केलें. इकडे कैदेची तरतूद निघावयास १९२३ साल उजाडलें.

ख्रिस्ती झालेल्या आमच्या बहिणींची तर वेगळीच गत. नगरकडे ज्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांनीं भटशाहीच्या जाचांतून सुटण्यासाठीं तो धर्म घेतला, त्यांना १८६९ चा घटस्फोटाचा कायदा लागूं झाला. त्यांत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार शाबीत केला कीं पुरे. बायकोला मात्र व्यभिचार शाबीत करून वर आणखी मारझोड किंवा दोन वर्षें टाकणें असें कांहीं शाबीत करावें लागे. हा भेद विलायतच्या १८५७ च्या कायद्यांतून आला होता. विलायतेनें तो १९२३ सालीं पुसला. आमच्याकडे मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानें १९९७ सालीं तो घटनाविरुद्ध ठरविला आणि कायदा बदलला तो २००१ सालीं. म्हणजे मूळच्या घरानें टाकून दिलेलें जोखड आमच्या लेकींनीं अठ्ठ्याहत्तर वर्षें जास्त वाहिलें. त्यांत स्वराज्याचींही चौपन्न वर्षें आलीं.

नांदण्याच्या दाव्याची कथा याहून लांब आहे. विलायतेनें तो १९७० सालीं सबंध काढून टाकला. आमच्या पार्लमेंटनें १९५५ सालीं तो हिंदु विवाह कायद्यांत लिहून घेतला. नवरा व बायको दोघांनाही तो लावतां येतो, म्हणून तो समतेचा आहे असें सांगतात. आंध्र हायकोर्टानें १९८३ सालीं हें कलम रद्दबातल ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं, घर मोडूं नये असा त्याचा हेतु आहे, असें म्हणून तें कायम केलें. घर मोडूं नये असें कोणाला वाटत नाहीं? पण मारणाऱ्याचा हात न धरतां पळणारीचा पाय धरणें हा घर राखण्याचा कोणता प्रकार, तें आम्हांस समजत नाहीं. व्यवहारांत हा दावा बहुधा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणूनच येतो. ‘मी तिला नांदवावयास तयार आहें, तीच येत नाहीं’ असें कागदावर उमटलें कीं पोटगी टाळण्याची सोय होते.

म्हणून आम्हीं त्या सुतार गृहस्थांना तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, कागद आला म्हणून घरीं बसूं नका. तारखेस हजर राहून मारझोडीचें सर्व सांगा, दवाखान्याचा कागद असेल तर तो जोडा, कारण सबळ कारणानें बायको वेगळी राहत असेल तर कोर्ट दावा काढून टाकूं शकतें. दुसरी, हुकूम उलट झाला तरी कोणी शिपाई मुलीला ओढून नेणार नाहीं, कीं कैदेंत घालणार नाहीं. मात्र मालमत्तेवर जप्ती येऊं शकते, आणि वर्षभर दोघे एकत्र आले नाहींत तर घटस्फोट मागतां येतो. तिसरी, २०२५ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, असा हुकूमनामा मोडला एवढ्यावरून बायकोची पोटगी बुडत नाहीं; तिला न जाण्यास योग्य कारण होतें कीं नाहीं तें पाहिलें पाहिजे.

हें सर्व ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनीं विचारलें, “त्या रखमाबाई सुतारच म्हणालां ना?” आम्ही हो म्हणालों. त्यांनीं तें नांव कागदाच्या मागच्या बाजूस लिहून मागितलें, लेकीला दाखविण्यासाठीं. तारीख पुढच्या मंगळवारची आहे.