मस्टरवर ती हेल्परच

मी नशिराबादचा. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली, शेवटची बारा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून. एक्स्ट्रूडर आणि लूम पुरुषांकडे. शिलाई, घडी, पॅकिंग बायकांकडे. आमच्याकडे ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नव्हती. ती मी चालू ठेवली.

गावातलीच एक बाई लूमशेजारी आठ वर्षं हेल्पर होती. तुटलेला धागा जोडायची, बॉबिन बदलायची, डिझाइन बिघडलं तर ऑपरेटरच्या आधी तिला कळायचं. एका होळीला ऑपरेटर बिहारला गावी गेला आणि एकोणीस दिवस परतलाच नाही. ऑर्डर अंगावर आलेली. "साहेब, मी चालवू का?" तिनं विचारलं. दुसरा इलाज नव्हता म्हणून हो म्हटलं. एकोणीस दिवस लूम तिच्या हातावर चालला, रिजेक्शन वाढलं नाही. ऑपरेटर आला त्याच दिवशी मी तिला शिलाईवर पाठवलं. त्या दिवसांचा पगारही हेल्परच्याच दरानं निघाला.

"लूम मले येते हे तुमी पाह्यलं ना, साहेब?"

मी म्हणालो, "ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो, मशीनचं काम जोखमीचं असतं." तेव्हा मला ती माया वाटली होती. आज त्या वाक्याची लाज वाटते.

समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला समान वेतन, हे 1976 च्या कायद्यानं सांगितलं, पुढे 2019 च्या वेतन संहितेतही तेच आलं. ते मोडायला आम्हाला दर वेगळा लावावा लागत नव्हता, पदाचं नाव वेगळं लिहिलं की पुरे. 'बाई आहे म्हणून कमी देतो' असं एकही मॅनेजर बोलणार नाही. 'ती हेल्पर आहे' एवढंच म्हणेल, आणि त्याला ते खरंही वाटत असेल.

आम्ही कुणी बायकांच्या विरोधात नव्हतो. आठ मार्चला गुलाब दिले, साड्या दिल्या. 'आमच्याकडे बायका बहिणीसारख्या' हे मीच शंभरदा बोललो असेन. पण बहीण म्हटलं की तिच्या वतीनं ठरवायचा हक्क आपल्याला मिळाला, असं आम्ही धरून चाललो.

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल! तरी बायका मशीन सोडून उठत नाहीत, म्हणून मी त्यांच्या शिस्तीचं कौतुक करायचो. खरी गोष्ट माझ्या बायकोनं सांगितली, तिला शेजारणींकडून कळलेली: बायकांचं स्वच्छतागृह मागच्या गेटजवळ होतं, कडीही धड लागत नव्हती, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. फॅक्टरी कायद्याचं कलम 19 स्वतंत्र, बंदिस्त आणि कधीही सहज पोहोचता येईल अशी सोय मागत होतं. हे कलम मला पाठ होतं. कडी मात्र मी कधी पाहिली नव्हती.

1974 मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीनं नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरी मिळाली. ती अट निदान छापलेली होती, तिच्याविरुद्ध पत्र लिहिता आलं. माझ्या लाइनवरची अट कुठंच छापलेली नव्हती. त्या बाईनं पत्र कुणाला लिहायचं?

आता रात्रपाळीचा प्रश्न आहे. 1948 च्या मूळ फॅक्टरी कायद्यात बायकांसाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही सर्वसाधारण वेळ होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात स्त्रीच्या संमतीनं, सुरक्षेच्या अटी पाळून रात्रीचं काम देता येतं. माझ्या ओळखीचे मॅनेजर आताच म्हणू लागलेत, 'आमच्या बायका नाही येणार.' विचारलं का? एकानंही विचारलेलं नाही. काहीजणी नाहीच म्हणतील, तो त्यांचा अधिकार. काहीजणी विचारतील, नशिराबादला दारापर्यंत गाडी सोडणार का, पाळीवर आणखी किती बायका असतील. याची उत्तरं देणं हे मॅनेजरचं काम आहे.

मित्रांनो, नवा ऑपरेटर शोधायला ठेकेदाराला फोन करण्याआधी आपलं मस्टर उघडा. पाच वर्षांहून जास्त काळ हेल्पर असलेल्या बायकांची नावं काढा आणि प्रत्येकीला एक महिना मशीनवर शिकवा, ऑपरेटरच्या दरानं. मला हे बारा वर्षं करता येत होतं. मी केलं नाही.