चराईचा परवाना : मेहेरबानी की करार?

दिवाळी सरली की माण, जत, पारनेर अशा अवर्षणप्रवण टापूतील धनगर कुटुंबे आपली मेंढरे, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन वाट धरतात. कुणी घाट उतरून कोकणात जाते, कुणी बागायती पट्ट्याकडे वळते. पीक निघालेल्या शेतात वाडा बसतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य वा रोख रक्कम. मृगाच्या आत ही मंडळी देशावर परततात, कारण कोकणचा पाऊस मेंढराला मानवत नाही. खरी अडचण सुरू होते ती येथून. पावसाळ्यात शेते पिकाखाली असतात. मग चार महिने कळप न्यायचा कोठे? उरतो तो माळ आणि डोंगर, आणि त्यातील पुष्कळसा भाग वनखात्याच्या ताब्यात असतो. नेमक्या त्याच दिवसांत तेथे रोपवनाचे काम चालू असते व प्रवेश बंद असतो. पास मिळाला तर ठीक, नाही तर दंडाची पावती.

हे दुखणे आजचे नाही. १८७८च्या वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित व ग्रामवन अशी वर्गवारी केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही सरकारी मेहेरबानी ठरली. डोंगर व गायराने वनखात्याने बळकावल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केली आहे. १९२७च्या कायद्यानेही राखीव वनात विनापरवाना गुरे चारणे हा गुन्हाच ठेवला. इंग्रज गेले, परंतु गुराखी म्हणजे संभाव्य गुन्हेगार ही त्यांची दृष्टी मात्र दफ्तरात तशीच राहिली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. मोकाट चराईने रोपे खुडली जातात, मारवेल-पवन्यासारखी सकस गवते जाऊन कुसळी माजते आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाने वाहून जाते. हिवरेबाजारने चराईबंदी स्वीकारली, गवत कापून आणण्याची शिस्त लावून घेतली आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. पण तेथील बंदी गावाने स्वतः ठरवली होती, गावानेच पाळली आणि तिचे फळही गावालाच मिळाले. वरून लादलेली बंदी आणि समाजाने स्वीकारलेली शिस्त यांत हे मूलभूत अंतर आहे.

लादलेल्या बंदीचा धडा भरतपूरने दिला आहे. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई एकाएकी बंद करण्यात आली. प्रक्षोभ उसळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि गावकऱ्यांचे प्राण गेले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दशकभराच्या अभ्यासातून काय निघाले? म्हशी नाहीशा झाल्यावर पाणगवत बेसुमार वाढले आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली, त्यांचाच अधिवास आक्रसला. सद्‌हेतू होता, परंतु त्या भूमीला जाणणाऱ्या माणसांना विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

आपल्याकडील माळरानांचेही तसेच आहे. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. माळढोक, लांडगा, काळवीट यांचे ते घर आहे. तेथे सरसकट खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणे म्हणजे वन वाढवणे नव्हे. त्याने कुरण जाते आणि त्यावर जगणारा मेंढपाळही उठतो.

मग मार्ग कोणता? तो कायद्यातच आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने स्थायी आणि स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या चराईला सामूहिक हक्क म्हणून मान्यता दिली आहे. भटक्या पशुपालकांच्या दाव्यांची पडताळणी ते उपस्थित असताना व्हावी, हेही नियमांत आहे. परंतु अनुसूचित जमातींत नसलेल्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. ज्याचे घर घोड्याच्या पाठीवर आहे, त्याने ७५ वर्षांचे कागद कोठे जपावेत? नियमांनी वडीलधाऱ्यांचे निवेदन पुरावा म्हणून मान्य केले आहे. ते नोंदवून घेण्याची तत्परता तेवढी हवी.

परवाना असावाच, पण तो कराराच्या स्वरूपात. कोणत्या वनखंडात, किती जनावरे, कोणत्या महिन्यांत, हे वनखाते, ग्रामसभा आणि मेंढपाळ यांनी उन्हाळ्यातच एकत्र बसून ठरवावे. एक खंड बंद, तर दुसरा खुला, अशी पाळी लावावी. रोपे मेंढराच्या तोंडावर जाईपर्यंत रोपवन राखावे, पण त्याआधी पर्यायी कुरण दाखवावे. आणि मेंढपाळानेही ठरलेली संख्या व हद्द काटेकोरपणे पाळावी. हक्काबरोबर राखणीचे कर्तव्य येतेच.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. जग ज्याचा गौरव करू पाहते, तो मेंढपाळ आपल्या गावाच्या वेशीवरून दरवर्षी जातो. त्याचा वाडा शेतात बसला की आपण त्याच्या खताचे मोल जाणतो. पावसाळ्यात त्याच्या मेंढरांना चारा कोठे मिळणार, हे मात्र विचारत नाही. यंदा ग्रामसभेत हा एक प्रश्न आपणच विचारावा. वन राखायचे असेल, तर वनात वावरणारा माणूस आधी आपला मानावा लागेल.