खेळातले अनोळखी ‘दोस्त’

मुलाच्या गेमच्या खात्यात त्याने न जोडलेले ‘फ्रेंड’ दिसू लागले, तर आधी त्याच्यावर रागावू नका. येऊन सांगणाऱ्या मुलालाच बोलणी बसली, तर पुढच्या वेळी ते गप्प राहील. खरा धोका तिथे असतो.

प्रथम घरातच विचारा. एकाच मोबाइलवर धाकटा भाऊ, मामेभाऊ, चुलत बहीण सगळेच खेळतात. कुणाच्या तरी बोटाने विनंती स्वीकारली गेली असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो.

तसे नसेल, तर पासवर्ड बाहेर गेल्याची शक्यता धरा. ‘मोफत डायमंड’ किंवा ‘मोफत रोबक्स’ देतो म्हणणाऱ्या पानावर मुलाने तो भरला होता का? खात्यातल्या वस्तू कमी झाल्यात का? मुलाने न लिहिलेले संदेश गेलेत का? हे शांतपणे विचारा.

पुढे क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या नावांचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या. मग ईमेलचा आणि गेमचा पासवर्ड बदला. दोन्ही वेगळे ठेवा. ईमेल ज्याच्या हातात, तो गेमचा पासवर्ड पुन्हा बदलू शकतो. सेटिंग्जमध्ये जाऊन इतर सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. त्यानंतर अनोळखी नावे काढा, ब्लॉक करा, तक्रार नोंदवा. नुसती नावे काढली आणि पासवर्ड तोच ठेवला, तर उद्या नवी नावे येतील.

रॉब्लॉक्समध्ये नोव्हेंबर २०२४ पासून पालकांना आपले खाते मुलाच्या खात्याशी जोडून स्वतःच्या फोनवर त्याची मित्रयादी पाहण्याची सोय आहे. तिचा उपयोग करा.

अनोळखी ‘दोस्त’ फोटो, शाळेचे नाव किंवा ओटीपी मागू लागला, ‘व्हॉट्सॲपवर ये, घरी सांगू नकोस’ म्हणू लागला, तर तो खेळायला आलेला नाही. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा. मुलाला कुणी धमकावत असेल, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. संदेश पुसू नका. तोच पुरावा असतो.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे मुलाजवळ बसा. ‘हा कोण? ओळख कुठे झाली?’ एवढे प्रेमाने विचारा. गल्लीतल्या मित्रांची चौकशी आपण करतोच. मोबाइलमधल्यांचीही करायला हवी.