आश्विनाचे ऊन आणि जमिनीतली ओल



घट बसले की आपल्या वाशिम जिल्ह्यात उन्हाची तऱ्हाच बदलते. पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटते, सकाळी तुरीवर दव चमकते, आणि दुपारी बाराला सोयाबीन सोंगणाऱ्या बाईची पाठ भाजून निघते. शाळेच्या पुस्तकात शरद ऋतू म्हणजे निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे. ते खोटे नाही, पण पुस्तक लिहिणाऱ्याने भर दुपारी सोयाबीनची पात धरलेली नसावी. शहरातले लोक या दिवसांना ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात.

विलायतेत या दिवसांत झाडांची पाने गळतात. आपल्याकडे साग आणि पळस उघडे पडतात ते उन्हाळ्याच्या तोंडी. आश्विनात आपल्या रानात पानगळ होते ती सोयाबीनची. आठ-दहा दिवसांत हिरवे रान पिवळे होते, पाने झडतात आणि नुसत्या शेंगा उरतात. पान झडले म्हणजे जमिनीवरची सावली गेली, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

हे ऊन येते कुठून? पाऊस आपल्याकडे समुद्रावरून येतो, पण त्याची परतीची वाट सुरू होते राजस्थानच्या वाळवंटातून. ही सरासरी तारीख पूर्वी 1 सप्टेंबर धरीत. 2020 पासून हवामान खाते 17 सप्टेंबर धरते. तिकडची कोरडी हवा सरकत सरकत ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्यापर्यंत पोचते. ढग गेलेले, वारा पडलेला, जमीन मात्र ओली. ऊन ती ओल वर ओढते, म्हणून दुपारी जीव गुदमरतो. रात्री ढगांचे पांघरूण नसते, म्हणून गारवा येतो.

ज्या वाळवंटातून ही हवा निघते, तिथल्या शेतकऱ्याचा आश्विन कसा असतो? जैसलमेरकडे या महिन्यात ऊन आपल्यापेक्षा कडक. तरी तिथल्या माणसाला हे दिवस सुखाचे वाटतात, कारण मे-जूनचा वणवा सोसून तो इथवर आलेला असतो. बाजरी, गवार, मटकी घरात येते. आणि याच दिवसांत तिथे खडीनातले पाणी उतरू लागते. खडीन म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला घातलेला लांबच लांब मातीचा बांध. पावसाळ्यात आजूबाजूच्या खडकाळ माळाचे पाणी बांधाआड साठते, जास्तीचे सांडव्याने निघून जाते. पाणी जिरले की त्याच ओलीवर, विहिरीचे थेंबभर पाणी न देता, गहू आणि हरभरा पेरतात. पंधराव्या शतकापासून पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत तिथे रुजवली. आणि जैसलमेरचा पाऊस किती? आपल्या वाशिमच्या जेमतेम चौथा हिस्सा.

आपल्याला बांधाआड पाणी साठवण्याची तेवढी गरज नाही. आपली काळी जमीनच ओल धरून ठेवते. पण सोयाबीनचे पान झडल्यावर आणि पीक सोंगल्यावर ती उघडी पडते, भेगाळते, आणि वरची ओल दिवसागणिक खाली जाते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मालेगाव तालुक्यातल्या एका गावी मी एका शेतकऱ्याला चांगली नांगरट करून मग हरभरा पेरायला सांगितले. पुस्तकात तसेच वाचले होते ना! ट्रॅक्टर मिळायला चार दिवस, ढेकळे फोडायला तीन दिवस. पेरणी झाली तेव्हा बी कोरड्यात पडले आणि निम्मे रान उगवलेच नाही. शेजाऱ्याने नुसती एक वखरपाळी देऊन पेरले होते. त्याचा हरभरा बांधावरून दिसत होता. तो शेतकरी मला एक शब्द बोलला नाही, चहा पाजला. ते जास्त लागले.

तेव्हा कोरडवाहू रानात सोयाबीननंतर नांगर घालू नका. सुडी एका कडेला लावा, एक वखरपाळी द्या आणि लागलीच तिफण धरा. चार बोटे खालची माती मुठीत दाबून पाहा. गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले, तर वाफसा आहे. नुसता भुगा झाला तर उशीर झाला. बी त्या ओलीला टेकले पाहिजे. फार घाईही नको; जमीन तापलेली असताना पेरलेल्या हरभऱ्यावर मर रोग जास्त येतो, म्हणून बियाण्याला किलोमागे 4 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय पेरू नका. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर या काळात पेरले तरी चालते. वाणाबद्दल शंका असेल तर रिसोड तालुक्यातल्या करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

सोयाबीनचेही दोन शब्द. शेंगा पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर दुपारच्या उन्हात त्या तडकतात आणि दाणा रानातच सांडतो. शंभरातल्या नव्वद शेंगांचा रंग पालटला की विळा लावा, आणि दव असेपर्यंतच सोंगणी करा. सोंगणी गुत्त्याने दिली असली तरी बायकांना दुपारी बारा ते तीन रानातून बाहेर काढा. गुत्त्यामुळे त्या स्वतःहून थांबत नाहीत. झाडाखाली माठ भरून ठेवा. लिंबू, मीठ, साखर घरातलेच आहे. आपल्या घरची लक्ष्मीही त्याच पातीत असते. गरगरले, मळमळले आणि घाम यायचा थांबला तर सावलीत निजवून अंगावर ओले फडके फिरवा आणि उशीर न करता दवाखाना गाठा.

सुडीवर ताडपत्री हवीच, आकाश कितीही निळे असो. 2019 साली ऑक्टोबर उलटता उलटता आलेल्या पावसाने सोंगून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मळणीनंतरचे कुटार जाळू नका, जनावरे ते खातात. उरलेले हरभऱ्याच्या तासांमधून पसरले तर जमिनीवरची गेलेली सावली थोडी परत येते.

येत्या अंकी तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. तोवर तुरीच्या फुलांवर नजर ठेवा.