सहा महिन्यांची घाई कुणासाठी?

मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीतील भरपाईविषयीची तरतूद १ एप्रिल २०२२पासून लागू झाली आणि अपघातग्रस्ताला भरपाईच्या दाव्यासाठी सहाच महिने उरले. १९८८च्या मूळ कायद्यातही मुदत तेवढीच होती. पण उशिराचे सबळ कारण दाखवले तर दावा बारा महिन्यांपर्यंत दाखल करून घेता येई. पुढे १९९४मध्ये संसदेनेच मुदत काढून टाकली. आता ती परत आणताना सवलत मात्र आणलेली नाही. रेल्वे अपघातात वर्षभराची मुदत आहे, शिवाय उशीर माफ करण्याची सोय. मग रस्त्यावर जखमी झालेल्याने काय घोडे मारले?

जुन्या दाव्यांत पुरावा विरतो, बनावट प्रकरणे घुसतात, हा आक्षेप खोटा नाही. पण बनावटगिरी पकडतात ती पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे, कॅलेंडर नव्हे. पोलिसांनी तीन महिन्यांत अहवाल पाठवावा आणि न्यायाधिकरणाने तोच अर्ज मानावा, असेही कायदा म्हणतो. कागदावर छान! अहवाल रखडला तर भुर्दंड जखमीलाच. मोडलेले हाड जुळून अपंगत्वाची टक्केवारी ठरायलाच कित्येकदा सहा महिने जातात. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये दिला खरा, पण तो अंतरिम आहे. संसदेने निदान १९८८ची सवलत तरी परत द्यावी.